फेरलढतीचं गणित

रीमॅचला मराठीत 'फेरलढत' म्हणतात म्हणे. पण हा शब्द फक्त पेपरातच भेटतो. कोल्हापूरकडचा कुस्तीशौकीन सरळ म्हणेल, "परत लावा की जोड!" मला हेच जास्त आवडतं. त्यात तक्रार आहे, आव्हान आहे, आणि पहिला निकाल आम्हाला पटलेला नाही हे तोंडावर सांगणंही आहे.

येत्या रविवारी अशीच एक जोड परत लागण्याची शक्यता आहे. कुणाची, ते पुढे सांगतो. (थेट खाली स्क्रोल करू नका, प्लीज!) आधी जरा गृहपाठ. कारण ऑफिसात तीन वर्षं प्रॉडक्शन बग्ज निस्तरल्यावर मला एक सवय लागली आहे. कुठलीही गोष्ट बिघडली की पहिला प्रश्न हा, की हे पुन्हा घडवता येतंय का? त्याच पायऱ्या केल्या की तोच एरर येत असेल तर दोष सिस्टिममध्ये. नाही आला तर त्या दिवशीच्या परिस्थितीत काहीतरी होतं. फेरलढतीचं भाकीत करायचं म्हणजे नेमकं हेच शोधायचं, की पहिल्या वेळचा पराभव 'रिप्रोड्यूस' होणारा आहे का.

बॉक्सिंगच्या इतिहासात मला तीन प्रकारचे पराभव सापडले.

पहिला प्रकार गाफीलपणाचा. फेब्रुवारी १९७८ मध्ये छत्तीस वर्षांचा महंमद अली लिऑन स्पिंक्सकडून हरला. स्पिंक्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तोवर जेमतेम सात लढती खेळलेला. अलीनं त्याला गंभीरपणे घेतलंच नव्हतं. सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला परत गाठ पडली तेव्हा अली तयारीनं आला, पंधरा फेऱ्या खेळला आणि तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. लेनॉक्स लुईसचं तेच. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमाननं त्याला पाचव्या फेरीत झोपवलं, आणि नोव्हेंबरमध्ये लुईसनं चौथ्या फेरीत हिशेब चुकता केला. अगदी अलीकडचं म्हणजे अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ. जून २०१९ मध्ये रुईझनं सगळ्या जगाला धक्का दिला, आणि डिसेंबरच्या फेरलढतीला तो आला तो सुमारे सात किलो वजन वाढवून! जोशुआ गुणांवर आरामात जिंकला. इथे गाफीलपणा पार्टी बदलून गेला, बस्स.

दुसरा प्रकार शैलीचा. समोरच्याची पद्धतच तुम्हाला सोसत नाही. ओलेक्झांडर उसिक विरुद्ध टायसन फ्युरी घ्या. मे २०२४ मध्ये रियाधला उसिक जिंकला, पण तीन पंचांपैकी एकानं फ्युरीला कौल दिला होता. सगळे म्हणाले, थांबा, डिसेंबरमध्ये बघा. डिसेंबरमध्ये तिन्ही पंचांनी उसिकला ११६-११२ दिलं. त्याआधी जोशुआलाही उसिकनं २०२१ आणि २०२२ अशी दोनदा हीच ट्रीटमेंट दिली होती. हा बग तुम्ही कितीही वेळा रन करा, तसाच येणार.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. तो एकाच भोकाचा. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगनं जो लुईसच्या लढतींच्या फिल्म्स बघून एक गोष्ट हेरली होती. लुईस डाव्या हातानं जॅब मारला की तो हात परत आणताना खाली सोडतो. झालं! त्या उघड्या जागेतून श्मेलिंग उजवा हात घालत राहिला आणि बाराव्या फेरीत लुईस आडवा. म्हणजे चक्क कोड रिव्ह्यू करून शोधलेला बग. लुईस आणि त्याचा कोच जॅक ब्लॅकबर्न यांना तो दुरुस्त करायला पुरेसा वेळ मिळाला. २२ जून १९३८ ला न्यूयॉर्कला परत सामना झाला, आणि तो १२४ सेकंदांत संपला. लुईस जिंकला, हे सांगायला नकोच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत निरंजन दासविरुद्ध एका गुणानं मागे पडला, आणि तो गुण त्यांना काही पटला नाही. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. परत जोड लावली गेली, आणि खाशाबांनी निरंजन दासला चीतच केलं. म्हणजे गुण मोजायचा प्रश्नच ठेवला नाही! पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबा हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विचार करा, ती फेरलढत झालीच नसती तर?

आता मुंबईत येऊ.

५ ऑगस्ट २०१७. वरळीचा एनएससीआय डोम. विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतिअली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि आम्ही चौघं मित्र मुलुंडला आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. तिकडे डोकलामला दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर उभं, त्यामुळे वातावरण असं तापलेलं की शेजारचे काकासुद्धा, ज्यांना बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, येऊन बसले होते. दहा फेऱ्या झाल्या आणि विजेंदर जिंकला. स्वतःचा डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा पट्टा त्यानं राखलाच, वर झुल्पिकारचा ओरिएंटलचा पट्टाही घेतला. आणि मग माइकवर म्हणाला की सीमेवर शांतता नांदणार असेल तर हा पट्टा मी परत द्यायला तयार आहे. आमच्या हॉलमध्ये दोन मिनिटं कुणाला काय बोलावं कळेना.

असो. मी सांगतोय ते गुणांबद्दल. तीन पंचांचे आकडे होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. 'एकमतानं विजयी' असं छापून आलं आणि ते खरंच आहे. पण हे आकडे जरा बेरीज करून बघा. प्रत्येक कार्डाची बेरीज १८९ येते. आता दहा फेऱ्या, दर फेरीत जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९, म्हणजे बेरीज १९० यायला हवी. एक गुण गेला कुठे? तो झुल्पिकारचा कापला गेला होता, कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल. नियमाप्रमाणे योग्यच झालं ते.

पण तो गुण बाजूला ठेवून फक्त बॉक्सिंग मोजलं तर? कार्डं होतात ९६-९४, ९५-९५, ९५-९५. तीनपैकी दोन पंचांच्या लेखी दोघांनी पाच-पाच फेऱ्या जिंकल्या होत्या! म्हणजे तो एक गुण कापला गेला नसता तर लढत बरोबरीत सुटली असती आणि दोघंही आपापले पट्टे घेऊन घरी गेले असते. हे त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि मित्रांना दाखवलं. मित्र म्हणाले, "तू गप रे." (रास्त आहे. ती वेळ नव्हती.)

ही फेरलढत कधी झालीच नाही. विजेंदर त्यानंतर जयपूरला अर्नेस्ट अमुझूशी खेळला, पुढे अमेरिकेत, दुबईत खेळला, आणि मार्च २०२१ मध्ये पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोच्या जहाजावर रशियाच्या अर्तिश लोप्सानकडून पहिल्यांदा हरला. पण समजा २०१८ मध्ये झुल्पिकारबरोबर परत जोड लागली असती, तर माझं भाकीत काय असतं? मनाविरुद्ध सांगतो, झुल्पिकार, गुणांवर. कारण त्याचा दोष दुरुस्त होणारा होता. ठोसा चार इंच वर मारायचा, एवढंच. आणि वय बघा. तो तेव्हा तेवीस वर्षांचा, विजेंदर बत्तिशीकडे झुकलेला. एकाची त्रुटी कोचच्या हातातली, दुसऱ्याची कॅलेंडरच्या. विजेंदरला सगळं कळत होतं की नाही देव जाणे, पण फेरलढत न खेळणं हा कधी कधी उत्तम बचाव असतो!

आता येतो रविवारकडे.

माझा मावसभाऊ बॉक्सिंग करतो. वय एकोणीस, टीवायबीकॉम, मुक्काम मुलुंड पूर्व. सकाळी साडेपाचला घराबाहेर. मी रोज मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं चकाला असा ऑफिसला जातो, त्यामुळे पहाटे उठणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. पण पहाटे उठून मार खायला जाणं हे वेगळंच! गेल्या वर्षी उपनगर जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत तो फायनलला हरला. ३-२. पाच पंच असतात, तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. तिघांनी समोरच्याला दिलं, दोघांनी ह्याला. समोरचा पोरगा घाटकोपरचा. त्याच वयाचा, तसाच काटक. तो सकाळी दूध टाकतो आणि मग प्रॅक्टिसला येतो. लढतीनंतर दोघं एकत्र वडापाव खाताना दिसले, त्यामुळे ह्यात खुन्नसबिन्नस काही नाही.

येत्या रविवारी पुन्हा तीच स्पर्धा आहे. ड्रॉमध्ये दोघं दोन टोकांना आहेत. म्हणजे भेटलेच तर फायनलला.

परवा मावसभाऊ विचारतो, "दादा, तू सगळ्याचं प्रेडिक्शन करत असतोस, माझं सांग ना." मी म्हटलं, देतो, पण लेखी देतो. तर हे घे लेखी.

गेल्या वर्षीची कार्डं मी बघितली आहेत. पहिली फेरी पाचही पंचांनी तुला दिली. तिसरी पाचही पंचांनी त्याला. दुसरी तिघांनी त्याला, दोघांनी तुला. म्हणजे सगळी फायनल एका फेरीतल्या एका पंचाच्या मतावर फिरली. वरळीचा तो एक गुण आठव. तू त्या दिवशी वाईट खेळला नाहीस आणि तुझ्यावर अन्यायही झाला नाही. दुसरी फेरी खरंच तशी होती.

पण तिसरी फेरी मात्र स्वच्छ गेली, आणि का गेली हे मावशीनं मोबाईलवर काढलेल्या थरथरत्या व्हिडिओत दिसतं. मी ती तीन मिनिटं किमान वीस वेळा बघितली. तू बावीस जॅब मारलेस. त्यातल्या तेरा वेळा डावा हात परत येताना हनुवटीपाशी न येता छातीपाशी आला. आणि घाटकोपरचा उजव्या हातानं वरून तिथेच येत होता. म्हणजे १९३६ चा जो लुईस! तुझा पराभव तिसऱ्या प्रकारातला आहे, एका भोकाचा. दमल्यावरच ते उघडतं, पहिल्या फेरीत दिसतसुद्धा नाही.

गेले तीन रविवार तुझं स्पारिंग मी शूट करतोय ते ह्याच्यासाठी. मागच्या रविवारी तिसऱ्या फेरीत सव्वीस जॅब, पैकी पाचच वेळा हात खाली. तेरावरून पाचावर. तुझ्या सरांनी दोरीवरच्या उड्या वाढवल्यात आणि काखेत टेनिस बॉल धरून जॅब मारायला लावतात, त्याचा हा परिणाम. तेव्हा हा बग फिक्स झालाय असं मी म्हणत नाही, पण पॅच लागलाय.

आता दुसरी बाजू. घाटकोपरकरही काही वर्षभर झोपलेला नाही. त्याचा दोष काय होता? तो उशिरा तापतो. पहिली फेरी त्यानं बघण्यात घालवली. ह्या वेळी तो घंटा वाजल्याबरोबर अंगावर येईल असं धरून चाल. मग पहिली फेरी पाच-शून्य तुझी राहणार नाही. दुसरी पुन्हा अटीतटीची. आणि तिसऱ्या फेरीत तो तुझ्या डाव्या हाताकडे बघत तेच भोक शोधेल, आणि ते सापडायला त्याला गेल्या वेळपेक्षा जास्त वेळ लागेल. तेवढ्यात लढत संपलेली असेल.

म्हणून माझं भाकीत: फायनलला दोघं भेटले तर तू जिंकशील, ३-२. खात्री साठ टक्के.

इथे थांबलो असतो तर सगळे खूश झाले असते. पण साठ टक्के म्हणजे काय, हे कुणीतरी सांगायलाच हवं. हीच लढत दहा वेळा लावली तर चार वेळा घाटकोपरचा जिंकेल. आणि त्या चार वेळा तू काही कमी बॉक्सर असणार नाहीस, तोच असशील. शिवाय फायनलला भेटायचं तर दोघांना आधी दोन-दोन लढती जिंकाव्या लागतील. प्रत्येक लढतीत दोघांनाही ऐंशी टक्के संधी धरली तरी चारही निकाल मनासारखे लागण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे जेमतेम ४१ टक्के. ज्या फेरलढतीसाठी तू वर्षभर घाम गाळलास ती होण्यापेक्षा न होण्याचीच शक्यता जास्त आहे!

आणि हे मी ह्यासाठी सांगतोय की काकांनी अट घातली आहे. ह्या वेळी जिंकला नाही तर ग्लोव्हज माळ्यावर. त्यांना खलनायक करू नका हं कुणी. काका तीस वर्षं मुलुंडहून आठ-बाराची फास्ट पकडून नोकरीला गेलेला माणूस आहे. त्यांचे प्रश्न खरे आहेत. बी.कॉम. झाल्यावर पुढे काय? नाक मोडलं, हात गेला तर? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरं, पण त्यासाठी जिल्ह्याच्या पलीकडे पोचावं लागतं, आणि पोरगा तर उपनगरातच अडकलाय. ह्यातलं एकही वाक्य चूक नाही. कुठेतरी रेघ मारायला हवीच.

माझं म्हणणं एवढंच, की रेघ चुकीच्या ठिकाणी मारली आहे. काका, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. ३-२ नं हरलेल्या लढतीवरून आपण काही ठरवू शकत नाही, असं म्हणूनच आपण फेरलढत मागतो ना? मग ३-२ नं लागणाऱ्या फेरलढतीवरून तरी कसं ठरवणार? मोजपट्टी तीच, तेवढीच भोंगळ. एका पंचाला एका फेरीत काय वाटलं ह्यावर आपण जिल्ह्याचा विजेता ठरवू शकतो, कारण कुणालातरी पाठवायचं असतंच. पण एका मुलाचं पुढचं आयुष्य त्यावर ठरवायला नको.

निखत झरीनचं उदाहरण बघा. २०१९ मध्ये तिनं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून मेरी कोमबरोबर निवड चाचणी मागितली. केवढा गदारोळ झाला होता! डिसेंबरमध्ये दिल्लीत चाचणी झाली आणि निखत ९-१ अशी हरली. एक गुण वगैरे नाही, सपशेल. तिच्या घरी कुणी त्या रात्री ग्लोव्हज माळ्यावर टाकले असते तर कुणी दोष दिला नसता. २०२२ मध्ये ती इस्तंबूलला जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये परत झाली. प्रत्येक हरलेला पोरगा निखत होत नाही, मान्य. पण ती ९-१ ची लढत तिच्याबद्दल काय सांगत होती, आणि काय सांगत नव्हती, हे बघण्यासारखं आहे.

तेव्हा काका, अट ठेवाच. फक्त निकालावर ठेवू नका, मुदतीवर ठेवा. पदवी हातात पडल्यावर अजून एक वर्ष, असं म्हणा. आणि रविवारी स्टँडमध्ये बसाल तेव्हा पंच कुणाचा हात वर करतात ते थोडं नंतर बघा. आधी तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात बघा. जॅब मारून तो हनुवटीपाशी परत येत असेल तर पोरगा शिकतोय. एका वर्षात तेरावरून पाचावर येणारा मुलगा अजून एका वर्षात कुठे जाईल, ते मोजायची उत्सुकता मला तरी आहे. आणि हात पुन्हा छातीपाशीच पडत असेल, तर मग तो जिंकला तरी आपण तिघं बसून बोलू.

मॅचेस सकाळी दहाला सुरू. फायनल साधारण चारच्या सुमारास होईल. मी कॅमेरा आणि पॉवरबँक घेऊन येतोय. मावशी, ह्या वेळी शूटिंग मी करणार, तू निवांत ओरड!